चव्वेचाळीस महिन्यांचा नारळ

आज परसातल्या माडावरून जो पिकलेला नारळ उतरला, तो कधी सुरू झाला असेल? बहुतेक जण म्हणतील, वर्षभरापूर्वी. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, फुटल्यापासून नारळ तयार व्हायला अकरा-बारा महिने लागतात, हे कोकणात पोराटोरांनाही ठाऊक असते. पण पोय फुटते तेव्हा ती फक्त बाहेर येते. तिचा जन्म त्याच्या कितीतरी आधीचा असतो. साधारण ३२ महिने ती शेंड्याच्या आत, एका न उमललेल्या पानाच्या बगलेत, मोहरीएवढ्या कणापासून वाढत असते. हे ३२ आणि पुढचे १२ मिळून झाले ४४ महिने. तीन वर्षे आणि आठ महिने. या काळात माडाने तीन तरी पावसाळे आणि तीन तरी उन्हाळे पाहिलेले असतात, आणि त्यातल्या प्रत्येकाचा परिणाम त्या एका नारळावर झालेला असतो.

घराभोवती माड लावणाऱ्याने दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी हा ४४ चा आकडा ठेवावा. माडाबद्दलचे बहुतेक गैरसमज तो माहीत नसल्यामुळे होतात.

वाढता, निरोगी माड महिन्याला साधारण एक झावळ बाहेर काढतो, वर्षाला १२ ते १४. प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय असते. म्हणजे डोक्यावर एका वेळी बारा वयांचे घड असतात: एक नुकताच उमललेला, एक महिन्याचा, एक दोन महिन्यांचा, असे करत करत अगदी खाली उतरवायला तयार झालेला. बाहेर दिसतात ३० ते ३५ झावळ्या. शेंड्याच्या आत, आपल्याला न दिसणाऱ्या, घडी घातलेल्या अवस्थेत जवळपास तेवढ्याच आणखी असतात. आतले ३२ आणि बाहेरचे १२ धरले, तर एक माड एकाच वेळी पुढच्या-मागच्या ४४ घडांचा संसार चालवत असतो. आंबा वर्षातून एकदा मोहरतो, एकदा फळतो आणि मोकळा होतो. माडाला ती सुटी नाही. त्याचे बारा महिने बाळंतपण चालू असते.

आता एका पोयीच्या आत बघू. पोय उघडली की गव्हाच्या लोंब्यांसारख्या फांद्या पसरतात. त्यांवर नरफुले असतात हजारोंनी, आठ हजारांपर्यंत सहज. मादीफुले, ज्यांची पुढे बोंडे होतात, ती असतात वीस-तीस. वर्षाच्या बारा पोयी धरल्या तर एक माड वर्षाला लाखाच्या घरात नरफुले उमलवतो, मादीफुले तीनशेच्या आसपास, आणि हाती येतात ८० ते १०० नारळ. बाकीची बोंडे गळून पडतात. अंगणात सकाळी पडलेली सुपारीएवढी बोंडे पाहून अनेकांचा जीव कळवळतो, काहीतरी रोग पडला असे वाटते. थोडी गळ हा माडाचा स्वभाव आहे. जेवढी बोंडे पोसता येतील तेवढीच तो ठेवतो. किती पोसता येतील, हे मात्र पुष्कळसे आपल्या हातात असते.

म्हणूनच पाण्याचा हिशोब महत्त्वाचा. उन्हाळ्यात मोठ्या माडाला अळ्यातून दर चार दिवसांनी २०० लिटर पाणी द्यावे, अशी शिफारस आहे. म्हणजे दिवसाला ५० लिटर. ठिबकने दिले तर ३० ते ४० लिटरांत भागते. डिसेंबर ते मे हे सहा महिने धरले तर अळ्याने एका माडाला साधारण ९,००० लिटर लागतात. आकडा मोठा वाटतो ना? मग हा दुसरा बघा. माडाच्या बुंध्याभोवती १.८ मीटर त्रिज्येचे अळे केले तर त्याचे क्षेत्रफळ दहा चौरस मीटर भरते. कोकणात पाऊस पडतो ३,००० मिलिमीटर, म्हणजे तीन मीटर. नुसत्या त्या अळ्यावर चार महिन्यांत ३०,००० लिटर पाणी पडते, उन्हाळ्याच्या गरजेच्या तिप्पट. शंभर चौरस मीटरच्या छपरावर पडते ते तीन लाख लिटर. त्यातून तीस-बत्तीस माडांचा उन्हाळा निघेल. हे सगळे पाणी व्हाळातून खाडीला जाते आणि मार्चमध्ये आपण विहिरीत डोकावून बघतो.

ते अडवायचा एक जुना, बिनखर्चाचा उपाय घरातच पडलेला असतो, तो म्हणजे नारळाची सोडणे, वरची काथ्याची साले. रोप लावताना खड्ड्याच्या तळाशी सोडणांचे दोन थर उताणे, वाटीसारखे मांडले, तर ते कित्येक वर्षे ओल धरून ठेवतात. सोडणातला भुसा आपल्या वजनाच्या काही पट पाणी शोषतो. मोठ्या माडाच्या अळ्यात हीच सोडणे पालथी अंथरली की जमीन तापत नाही. इतकी चांगली वस्तू लोक जाळून टाकतात, याचे वाईट वाटते.

एका कोरड्या उन्हाळ्याचा परिणाम माडावर कधी दिसतो? काही लगेच दिसतो: झावळ्या लोंबतात, बोंडे जास्त गळतात. पण शेंड्याच्या आतल्या ३२ घडांना बसलेला फटका पुढे दोन-अडीच, कधी तीन वर्षे बाहेर येत राहतो. तोवर आपण तो उन्हाळा विसरलेलो असतो. मग माड ‘वांझ’ ठरतो, कुणी नजर लागली म्हणते, कुणी कुऱ्हाड काढते. उलटही तितकेच खरे आहे. यंदा खत-पाणी सुरू केले आणि पुढच्या वर्षी नारळ वाढले नाहीत, म्हणून हात आखडता घेणारे पुष्कळ. दुर्लक्षित माडाला तोडण्याआधी चार वर्षे नियमाने पाणी आणि खत द्या. चार वर्षांनंतरही तो फळला नाही तरच त्याला दोष द्या.

खत कुठे घालायचे, हेही मुळांची संख्या पाहिल्यावर कळते. माडाला सोटमूळ नसते. बुंध्याच्या गड्ड्यातून पेन्सिलीएवढ्या जाडीची मुळे निघतात, पूर्ण वाढलेल्या माडाला ४,००० ते ७,०००. प्रत्येक मूळ दोनच मीटर धरले तरी एका माडाच्या पायाखाली दहा किलोमीटर मुळे पसरलेली असतात. त्यांतली बहुतेक बुंध्यापासून दोन मीटरच्या आत आणि जमिनीच्या वरच्या दीड मीटरमध्ये. म्हणून पन्नास किलो शेणखत, सव्वादोन किलो युरिया, तीन किलो सुपर फॉस्फेट आणि दोन किलो पोटॅश ही पाचव्या वर्षानंतरची वर्षाची मात्रा हप्त्याहप्त्याने याच गोलात द्यायची. खोडाला चिकटून ढीग करू नये आणि कुंपणापर्यंत विखरूही नये. आणखी एक: ही मुळे कितीही जुनी झाली तरी जाड होत नाहीत. वडा-पिंपळासारखी ती पाया उचलत नाहीत. मुळांच्या भीतीने कुणी माड टाळत असेल तर ती भीती सोडावी. माडाचा खरा धोका वरून असतो, त्याकडे पुढे येतोच.

आधी खोड. माडाबद्दलची मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट तिथे आहे. आंबा, फणस, साग यांच्या खोडात सालीखाली वाढीचा एक थर असतो. तो दरवर्षी नवे लाकूड घालतो, जखमा भरून काढतो. माडाला तो थर नाही. खोडाचा जो भाग ज्या जाडीचा एकदा तयार झाला, तो त्याच जाडीचा कायम राहतो. त्याहून पुढची गोष्ट अशी, की त्या भागातल्या बऱ्याचशा पेशी मरत नाहीत. टॉमलिन्सन आणि हगेट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०१२ साली ताडकुळातल्या झाडांच्या खोडाबद्दल हेच मांडले: झाडाच्या पूर्ण आयुष्यभर या पेशी जिवंत राहून काम करत असतात. आजोबांनी स्वातंत्र्याच्या वर्षी लावलेला माड आज उभा असेल, तर त्याच्या बुंध्यातल्या पेशी पाऊणशे वर्षांच्या आहेत. त्या काळात तयार झालेल्या नळ्यांतूनच आजही पाणी वीस मीटर वर चढते. त्या नळ्यांना बदली नाही.

या खोडावर माडाने स्वतःची वही लिहून ठेवलेली असते. गळलेल्या प्रत्येक झावळीचे एक वळे खोडावर राहते. वर्षाला बारा धरून वळी मोजली आणि खोड दिसण्याआधीची चार-पाच वर्षे त्यांत मिळवली, की माडाचे वय अदमासे निघते. वळी दाटीवाटीने आलेली असतील तर ती हालाची वर्षे, लांब लांब असतील तर सुखाची. खोड मध्येच बारीक झाले असेल तर त्या काळात त्याची फार उपासमार झालेली असते, आणि पुढे कितीही खाऊ घातले तरी तो भाग भरत नाही.

म्हणून कळकळीने सांगतो, माडाच्या खोडावर चढण्यासाठी खाचा पाडू नका. दिव्यांच्या माळांसाठी, पाटीसाठी, कपड्यांच्या दोरीसाठी खिळे ठोकू नका. ती जखम माड मरेपर्यंत तशीच उघडी राहते, आणि नेमकी तीच सोंड्या भुंग्याची वाट असते. या भुंग्याची एक मादी दोनशे-तीनशे अंडी घालते, आणि घालते ती बहुधा जखमेत. अळ्या आत खोड पोखरत राहतात. बाहेर चोथा आणि तांबूस चीक दिसू लागतो, तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. दुसरा शत्रू गेंड्या भुंगा. तो सरळ शेंड्यात शिरतो, आणि उमललेल्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण दिसले की तो येऊन गेला असे समजायचे. त्याच्या अळ्या वाढतात शेणखताच्या ढिगात, म्हणजे पुष्कळदा आपल्याच गोठ्यामागे. तो ढीग वेळच्या वेळी उलथून अळ्या वेचल्या तर अर्धे काम होते. शेंडा जपायचा तो एवढ्यासाठी की माडाला वाढीचा कोंब एकच असतो. वीस मीटरच्या झाडाचा सगळा जीव नारळाएवढ्या त्या जागेत. तो कोंब कुजला किंवा पोखरला गेला की फांदी फुटून झाड वाचेल, अशी आशाच नाही.

शत्रूच्या आकारावर जाऊ नये, हे इरिओफाइड कोळ्याने शिकवले. हा कोळी भारतात १९९८ साली केरळात प्रथम आढळला आणि काही वर्षांत दक्षिणेतल्या व आपल्या किनाऱ्यावर पसरला. त्याची लांबी पाव मिलिमीटर. पंचवीस मीटरचा माड त्याच्याहून एक लाख पट उंच. पण कोवळ्या बोंडाच्या टोपीखाली हे कोळी हजारोंनी बसतात, रस शोषतात, आणि नारळ तपकिरी, भेगाळलेला, आकाराने लहान राहतो. वाऱ्यावरून ते पुढच्या वाडीत जातात. ज्या माडाला पुरेसे पाणी, पोटॅश आणि निंबोळी पेंड मिळते, तो हा हल्ला बराचसा सोसतो.

आता वरच्या धोक्याकडे. वीस मीटरवरून सुटलेला नारळ दोन सेकंदांत जमिनीवर येतो, आणि टेकताना त्याचा वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या घरात असतो. सोडणासकट त्याचे वजन दीड किलो धरा, म्हणजे खाली काय होईल ते कळेल. पापुआ न्यू गिनीत पीटर बार्स या डॉक्टरांनी एका इस्पितळातल्या चार वर्षांच्या नोंदी तपासून १९८४ साली लेख लिहिला. अपघाताने दाखल झालेल्यांपैकी अडीच टक्के रुग्ण अंगावर नारळ पडून जखमी झालेले होते. जगात दरवर्षी नारळ पडून १५० माणसे मरतात, हा जो आकडा सगळीकडे फिरतो, त्याला मात्र कसलाही अभ्यासाचा आधार नाही. तो कृपा करून पुढे पाठवू नका. धोका आहे हे खरेच. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ओबामा मुंबईत मणिभवन हे गांधीजींचे संग्रहालय पाहायला येणार होते, तेव्हा तिथल्या माडांवरचे नारळ आधी उतरवण्यात आले होते. झावळीही हलकी नसते. पाच मीटर लांब, ओली असताना दहा-बारा किलोंची.

तेव्हा घराच्या भिंतीपासून, गाडी ठेवण्याच्या जागेपासून आणि पोरांच्या खेळायच्या अंगणापासून माड निदान पाच-सहा मीटर लांब हवा. विजेच्या तारांखाली तर नकोच. दोन माडांतले अंतर साडेसात मीटर, म्हणजे २५ फूट. या अंतराने हेक्टरी १७५ माड बसतात, एका माडाच्या वाट्याला ५७ चौरस मीटर. गुंठ्याला धड दोन माडही बसत नाहीत. लोक कुंपणाच्या कडेने दहा-दहा फुटांवर ओळ लावतात, आणि मग दहा वर्षांनी सगळे माड उजेडासाठी वाकडे होऊन शेजाऱ्याच्या कौलांवर झुकतात.

किती माड लावायचे? कोकणातल्या घरात रोज एक नारळ फुटतो असे धरू. वर्षाला ३६५. नीट जोपासलेला बाणवली, म्हणजे उंच जातीचा, माड ८० ते १०० नारळ देतो, म्हणजे चार माड पुरे. जागा सव्वादोन गुंठे. देशाची सरासरी मात्र हेक्टरी ९,१०० नारळांच्या आसपास आहे, म्हणजे माडामागे ५२. त्या हिशोबाने तेवढ्याच नारळांना सात माड लागतील, चार गुंठे जागा आणि दुपटीच्या जवळपास चढणावळ. दुर्लक्षाची किंमत ही अशी गुंठ्यांत मोजता येते.

ही सरासरी नारळांच्या ज्या डोंगरातून काढली आहे तोही पाहण्यासारखा आहे. २०२१-२२ साली देशात सुमारे २१ लाख हेक्टरांवर १,९०० कोटींहून अधिक नारळ निघाले. दर सेकंदाला सहाशेहून जास्त. भारतात प्रत्येक माणसामागे वर्षाला तेरा-चौदा नारळ येतात. त्यांतले दहापैकी नऊ केरळ, तमिळनाडू, कर्नाटक आणि आंध्र या चार राज्यांतले. आपली सातशे किलोमीटरची किनारपट्टी उरलेल्यांत आहे. हवा तीच, समुद्र तोच, पाऊस भरपूर. मागे राहण्याचे कारण जमिनीत नाही, पाण्याविना जाणाऱ्या जानेवारी ते मे या महिन्यांत आहे.

आणि हे सहाशे नारळ प्रत्येक सेकंदाला कुणीतरी उतरवतो. गोव्यात त्याला पाडेली म्हणतात. दिवसाला पंधरा मीटरचे ४० माड चढणारा माणूस ६०० मीटर उभा चढतो. पंधरा दिवसांत त्याची चढण एव्हरेस्टच्या ८,८४९ मीटरांपलीकडे जाते, तीही कमरेला कोयता लावून. नारळ विकास मंडळाने २०११ पासून यंत्राने माड चढण्याचे प्रशिक्षण सुरू केले, चढणाऱ्यांसाठी विम्याची योजनाही आहे. आपल्या माडावर चढणाऱ्याचा विमा आहे का, हे प्रत्येक घरमालकाने विचारावे, नसेल तर त्याला अर्ज भरून द्यावा. माणूस मिळत नाही ही तक्रार करण्याआधी एवढे आपण करू शकतो.

माडाकडे नुसते पाहण्यातही मौज आहे. खोडाखाली उभे राहून वर बघा, झावळ्या वळत वळत वर गेलेल्या दिसतील, काही माडांत डावीकडून, काहींत उजवीकडून. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत टी. ए. डेव्हिस यांनी हजारो माड तपासून दाखवले की हे वळण आईबापांकडून येत नाही. डाव्या माडाच्या नारळातून डावी आणि उजवी रोपे जवळपास सारखीच निघतात. परसात चार माड असतील तर मुलांना मोजायला लावा.

माड लावायला उशीर केला तर काय जाते, तेही मोजता येते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, दिवेआगरपासून पुढच्या कितीतरी वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. त्या पावसाळ्यात ज्यांनी लगेच बाणवली रोपे लावली, त्यांना पहिले नारळ सहा ते आठ वर्षांनी, म्हणजे २०२६ ते २०२८ मध्ये दिसायचे. ज्यांनी ‘दोन वर्षांनी बघू’ म्हटले, त्यांचा हिशोब तेवढाच पुढे सरकला. साठ वर्षे फळणारे झाड एक वर्ष उशिरा लावणे म्हणजे ऐंशी-शंभर नारळ सोडणे.

तेव्हा लावायचे असतील तर या पावसाळ्याआधी ठरवा. रोप नऊ ते बारा महिन्यांचे, पाच-सहा पानांचे, बुंध्याशी दहा-बारा सेंटिमीटर घेराचे निवडा. जागा मोठी असेल तर बाणवली किंवा कोकण कृषी विद्यापीठाची प्रताप. अंगण लहान असेल आणि शहाळी हवी असतील तर तीन-चार वर्षांत फळणारी, हाताला लागणारी ठेंगणी ऑरेंज डॉर्फ. खड्डा एक मीटर लांब, रुंद आणि खोल, मे महिन्यातच खणून तापू द्या. खात्रीची रोपे रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रात आणि पालघरला नारळ विकास मंडळाच्या रोपवाटिकेत मिळतात. मागणी जास्त असते, म्हणून नोंदणी आधीच करून ठेवा.